नगरची धूळ आणि थंड हवेची नळी

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी भाच्याने आमच्या दारात गाडी उभी केली, बॉनेट उघडले आणि मागच्या सीटवरून एक लांबट खोके काढून पायरीवर ठेवले. मी पेपर वाचत बसलो होतो. चहाचीही वाट न बघता त्याने विचारले, "मामा, तुमच्याकडं दहा नंबरचा पाना आहे ना?"

खोक्यातून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. कोपरात वाकवलेली ॲल्युमिनियमची चकचकीत नळी, लाल रंगाचा शंकूच्या आकाराचा फिल्टर, रबरासारखे दोन जाड जोड, चार क्लॅम्प आणि इंग्रजीतला सूचनांचा एक कागद. मी म्हणालो, "हे काय रे, न्हाणीघराचं काम काढलंस की काय?"

"कोल्ड एअर इनटेक, मामा. इंजिनाला थंड हवा मिळते. पिकअप वाढतो."

किंमत विचारली. त्याने आधी मामीकडे पाहिले आणि मग हळूच आकडा सांगितला. गाडीच्या कर्जाच्या जवळपास दीड हप्त्याएवढा तो आकडा होता. हप्ता किती हे मला पाठ आहे, कारण त्या कर्जाला मी जामीनदार आहे. बँकेत असताना साडेतीन दशके लोकांच्या जामीनदारांच्या सह्या घेतल्या. निवृत्त झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने माझी घेतली. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, छोटी. भाचा एमआयडीसीत नोकरीला आहे आणि दर पंधरवड्याला आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला घेऊन जातो. म्हणजे त्या बॉनेटखाली जे काही चालले होते त्यात माझी सही आणि माझी बहीण, दोन्ही गुंतले होते. मी पेपर घडी करून ठेवला आणि पाना शोधायला उठलो.

थंड हवेचे हे प्रकरण मुळात खोटे नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर ती मुख्यतः हवेवरच चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथल्या विरळ हवेत हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे दहा हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटात जाते. पाण्याचा टँकर आमच्या जिल्ह्याला नवा नाही, तेव्हा त्याच मापात सांगतो: दर लिटर पेट्रोलमागे हवेचा एक टँकर. ही हवा थंड असेल तर दाट असते आणि तेवढ्याच जागेत जास्त मावते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येते आणि ताकदही जास्त मिळते. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत ती नऊ टक्के कमी भरते. भाच्याचे शास्त्र इथवर बिनचूक होते.

थंड हवा ओढून घेण्याची हौस नगरला तशी जुनीच. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत सोळाव्या शतकातला फराहबाग महाल आहे. तलावाच्या मधोमध बांधलेला, भोवती पाणी, त्यावरून येणारा वारा गार होऊन आत शिरावा हा बेत. आता तलाव कोरडा आहे. मे महिन्यात दुपारी तिथे उभे राहिले की निजामशहाला काय हवे होते ते नेमके कळते, कारण ते तिथे उरलेले नसते. असो.

दोन तास काम चालले. भाच्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग कंपनीने बसवलेला काळा हवेचा डबा, त्याचे तीन बोल्ट, इंजिनाकडे जाणारी नळी आणि हवेचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर. सेन्सर नव्या नळीच्या भोकात बसवताना मात्र त्याचा हात थरथरला. ते प्लास्टिक मोडले की नवा सेन्सर आणा आणि आणखी एक हप्ता घाला. मी टॉर्च धरून उभा होतो. शेवटचा क्लॅम्प आवळला, तार जोडली, चावी फिरवली आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

आवाज खरोखर बदलला. पूर्वी शिवणयंत्रासारखी कुरकुरणारी गाडी आता घोगऱ्या आवाजात बोलू लागली. भाच्याच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीही नव्हता इतका आनंद होता. शेजारच्या बंगल्यातली दोन पोरे कुंपणावर चढली.

नंतर मी जे वाचले आणि नगरच्या एका जुन्या फिटरकडून समजावून घेतले त्यावरून सांगतो की या खरेदीत गिऱ्हाईकाला खात्रीने मिळतो तो हा आवाजच. कंपनीच्या डब्यात आणि त्याच्या आडव्यातिडव्या पोकळ्यांत आवाज गिळायची सोय केलेली असते. डबा गेला की इंजिनाचे घोरणे उघड्यावर येते आणि कानाला ते ताकदीसारखे वाटते. घड्याळ लावून पाहिले तर छोट्या पेट्रोल गाडीत फरक एखाद-दुसऱ्या हॉर्सपॉवरचा, तोही इंजिन अगदी किंचाळत असताना. शर्यतीच्या गाडीत त्या एक-दोनाला मोल असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एनचे तेल लावलेले सुती फिल्टर याच जगातून आले. तिथे इंजिन दर काही शर्यतींनी उघडतातच. बहिणीला घेऊन सुप्याच्या टोलनाक्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीचे तसे नसते.

आमच्या प्रयोगात दुसरी गंमत निघाली. भाच्याजवळ स्टिअरिंगखाली खोचायचे एक छोटे यंत्र आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान ते मोबाइलवर दाखवते. आम्ही दोघे गाडी घेऊन निघालो. बाहेर एकोणचाळीस अंश. पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालाच्या डोंगराकडे (लोक चांदबीबीचा म्हणतात, खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे) गाडी पळत होती तोवर आकडा त्रेचाळीस होता. परत येऊन दिल्ली गेटजवळच्या गर्दीत अडकलो, एसी चालू होता, आणि आकडा चढत चढत सहासष्टवर जाऊन बसला. पुढच्या रविवारी कंपनीचा डबा परत लावून त्याच वेळी, त्याच गर्दीत पाहिले: पन्नास. म्हणजे थंड हवेच्या नळीने इंजिनाला पाच टक्के कमी हवा मिळत होती! कारण साधे होते. लाल शंकू बॉनेटच्या आत रेडिएटरच्या शेजारी उघडा बसला होता आणि भट्टीशेजारचीच हवा पीत होता. कंपनीच्या डब्याचे नाक मात्र पुढच्या जाळीमागे, बाहेरच्या वाऱ्यात होते. गाडी बनवणाऱ्यांनी थंड हवेचा विचार आधीच केलेला होता. फक्त त्याला लाल रंग दिला नव्हता.

भाचा हार मानणारा नव्हे. "मग नळी लांबवून खाली बंपरपाशी नेतो," तो म्हणाला. तिथे हवा थंडच मिळते, हे खरे. पण पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. इंजिनात हवेऐवजी पाणी ओढले गेले तर पिस्टन वर येतो, पण पाणी दबत नाही. मग दबतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन एका झटक्यात संपते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत पाण्यात बंद पडलेल्या गाड्या लोकांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवून चालू करायचा प्रयत्न केला आणि त्यातून कितीतरी इंजिने गेली. नगरला तसा पाऊस कुठला, असे तुम्ही म्हणाल. पण इंजिन बुडवायला शहर बुडावे लागत नाही, रेल्वे पुलाखालचे एक डबके पुरते.

आता कायद्याचेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात परवानगीवाचून गाडीत केलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरसी बुकात फिल्टरचा रकाना नसतो, पण कलमाचे शब्द ऐसपैस आहेत आणि विम्याचा दावा तपासायला येणारा माणूस बॉनेट उघडून बघतोच. यातली गंमत नगरकरांनाच कळेल. देशात नव्या वाहनाचा नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे त्यांची नावे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात दिली आहेत. त्यांत संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, आपली व्हीआरडीई, इथे वाहननगरात. म्हणजे देशातल्या गाड्या तपासल्या जातात त्याच गावात, माझ्या दारात, दहा नंबरच्या पान्याने आम्ही ती तपासणी फिरवत होतो.

आणि तपासणी कशाची, तर इतर गोष्टींबरोबर धुळीचीही असते. हवेच्या फिल्टरची परीक्षा घ्यायला जगभर एक ठरलेली धूळ वापरतात, तिला ॲरिझोना टेस्ट डस्ट म्हणतात. कणांचे आकार मोजून, चाळून, डब्यात भरून ती विकली जाते. धूळ विकत घ्यावी लागते हे ऐकून आमचा फिटर इतका हसला की त्याला ठसका लागला. नगरमध्ये ती फुकट आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, धूळ तीच राहिली. रणगाड्यांच्या लोकांना तिचे महत्त्व पक्के ठाऊक असते. इथल्या आर्मर्ड कोअरच्या संग्रहालयात, जे १९९४ पासून आहे, मी पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे. पाहुणे तोफांच्या नळ्यांशी फोटो काढतात. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे शत्रूच्या गोळ्यांनी जसे पडले तसे धुळीनेही पडले. ब्रिटिशांच्या क्रुसेडरचे हवेचे गाळणे मागच्या बाजूला, पट्ट्यांनी उडवलेली धूळ येते तिथेच टांगलेले होते. जर्मनांनी आपल्या टायगर रणगाड्याला पाठीवर मोठमोठे जादा फिल्टर बसवले. इंजिनाच्या हवेसाठी एवढी यातायात!

हे मी भाच्याला सांगत होतो आणि तो हूं हूं करत होता. मग मी त्याला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. मामीलाही ती पुरती ठाऊक नव्हती.

१९८८ साली मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात शेती अधिकारी होतो. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचे, विहिरी, पाइपलाइनी, गायी, ट्रॅक्टर, ज्यावर कर्ज दिले ते जागेवर आहे का ते बघायचे आणि इन्स्पेक्शन रजिस्टरमध्ये शेरा मारायचा. एका शेतकऱ्याला आम्ही ट्रॅक्टर दिला होता. दोन भाऊ, बारा एकर, त्यातली निम्मी कोरडवाहू. सातबारावर बोजा चढवला, गहाणखत झाले. स्वतःची नांगरट करून तो दुसऱ्यांची करी आणि सुगीत ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडून ज्वारी-बाजरीच्या खळ्यांवर रात्रंदिवस फिरे. हप्ता वेळेवर. शाखेत आला की साहेबांसाठी म्हणून हुरडा, बोरे काहीतरी आणी.

तेव्हाच्या ट्रॅक्टरांना तेलाचा एअर क्लीनर असे. हवा मधल्या नळीतून खाली जाऊन वाटीतल्या तेलावर आपटते, वळण घेते, जड धूळ तेलात बसते आणि उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. वाटी रोज काढून बघायची, गाळ साचला की तेल बदलायचे, एवढेच काम. तिथून स्वच्छ हवा रबरी होजमधून इंजिनात जाते. एका तपासणीत मी पाहिले की त्या होजला चीर गेली आहे आणि तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली आहे, वरून सुतळी. मी विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "रबर चिरलंय सायेब, तालुक्याला गेलो की नवं आणतो. चालतंय तवर." मळणीचे दिवस होते. ट्रॅक्टर चालत होता, रंग बरा होता, चेसिस नंबर जुळला. मी रजिस्टरमध्ये लिहिले: ट्रॅक्टर सुस्थितीत.

गाळण्याच्या पुढची चीर म्हणजे गाळणे नसल्यासारखेच. खळ्यावर मळणी यंत्राभोवती किती भुसा आणि माती उडते हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. त्यातला डोळ्याला दिसणारा कचरा फारसा घातक नसतो. मारतो तो केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा कण. तो पिस्टनच्या रिंगेत आणि सिलिंडरच्या भिंतीत तेलाबरोबर जाऊन बसतो आणि घासकागदासारखा काम करतो. इंजिन एकदम बंद पडत नाही. थोडा धूर मारते, थोडे ऑइल खाते, सकाळी उशिरा चालू होते. माणूस म्हणतो, चालतंय.

पुढच्या सुगीआधीच ते इंजिन बसले. उघडले तर लायनर ओरबाडलेले, रिंगा पार झिजलेल्या. तालुक्याच्या फिटरने सांगितलेला खर्च त्याच्या दोन हप्त्यांहून जास्त होता. त्याने तो सावकाराकडून आणला, काम अर्धवट झाले, ट्रॅक्टर पुन्हा धूर मारू लागला आणि मग बँकेचा हप्ता चुकला. एक, दोन, तीन. माझ्याच हाताने नोटिसा गेल्या. थकबाकीच्या अहवालात कारणाचा रकाना असे. मी लिहिले: कर्जदाराची निष्काळजी. खोटे नव्हते. पण माझे रजिस्टर उघडले असते तर सहा महिन्यांपूर्वीचे "सुस्थितीत" हे अक्षरही माझेच होते. साहेबांनी रजिस्टर उघडले नाही. मीही ते पुढे केले नाही. ट्रॅक्टर विकला गेला, उरलेल्या रकमेपोटी धाकट्या भावाच्या हिश्शातली दोन एकर गेली. तो होज तेव्हा फार तर एका दिवसाच्या मजुरीत आला असता.

मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत शेतकरी आले, सावकार आले, बँकेचे साहेबही आले. तो होज कुठल्याच कादंबरीत आला नाही.

भाचा काही बोलला नाही. पाना घेऊन उठला, म्हणाला, "मामा, एक जुना पांढरा रुमाल द्या."

लाल फिल्टर लावून गाडी तोवर, डबा परत लावून पाहिलेला तो रविवार सोडला तर, तीन आठवडे फिरली होती. एकदा पुण्याला आणि रोज एमआयडीसीला. त्याने इंजिनाकडचा क्लॅम्प सैल केला, नळी बाजूला घेतली आणि रुमाल बोटाला गुंडाळून आतून फिरवला. नळी बहुतेक ठिकाणी स्वच्छ होती. पण फिल्टर जिथे नळीवर चढतो त्या जोडापासून पुढे, खालच्या बाजूला, रुमालावर करड्या-तांबूस रंगाची बोटभर लांब रेघ उमटली. क्लॅम्प एका बाजूला तिरका बसला होता. मी टॉर्च धरून उभा होतो तेव्हाच.

तो रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. मग कंपनीचा डबा आणला, त्याच्या कडेचे रबर ओल्या फडक्याने पुसले, नवा कागदी फिल्टर आणायला मला स्कूटरवर मागे बसवून दुकानात गेला. दुकानदाराने सवयीने जुना फिल्टर टायरवर आपटून दाखवला, "साहेब, हा अजून चालेल." आपल्याकडे सगळे ड्रायव्हर असेच आपटतात. खरे तर कागदी फिल्टर थोडा मळला की उलट जास्त बारीक धूळ अडवतो आणि आपटून त्याची घडी किंवा कडा फाटली तर मात्र कामातून जातो. भाच्याने नवाच घेतला. लाल शंकूचे खोके सध्या आमच्या माळ्यावर आहे. कुणाला हवे असेल तर निम्म्या किमतीत देऊ म्हणतो.

परत येताना त्याने विचारले, "मामा, त्या ट्रॅक्टरवाल्याचं पुढं काय झालं?"

तो मला पुन्हा भेटला होता. १९९६ साली, दुसऱ्या शाखेत असताना, एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरच्या तपासणीला गेलो होतो. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून तोच होता. मी ओळखले नाही असे दाखवणार होतो, पण त्यानेच रामराम घातला. मग मी न सांगता तो खाली उतरला, एअर क्लीनरची क्लिप काढली आणि तेलाची वाटी माझ्यासमोर धरली. तेल ताजे होते, मधासारखे. होजवरून त्याने स्वतःच अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाला, "लिवा सायेब आता."